हेलडायव्हर्स २: एकमेकांना न मारता चौघांनी पहिले ऑपरेशन कसे पार पाडावे

चार मित्र जमतात, हेडफोन चढवतात, दिसेल तो ग्रह निवडतात आणि पंधराव्या मिनिटाला एकमेकांवर खेकसायला लागतात. "कोणी टाकला तो बॉम्ब?" "मला का नाही बोलावलं परत?" "गोळ्या संपल्या, पेटी कोणी उचलली?" हेलडायव्हर्स २ हा चौघांनी मिळून शत्रूशी लढायचा व्हिडिओ गेम. नव्या लोकांना घेऊन मी हा खेळ बराच खेळलो आहे आणि हे संवाद मला पाठ झाले आहेत. नेम चुकल्यामुळे हरलेली चौकडी मला क्वचितच दिसली. बहुतेक जण कामाचा क्रम चुकवतात. जे आधी करायचे ते मागे राहते आणि जे शेवटी करायचे ते मध्येच उरकले जाते.

पहिला भाग वरून दिसणारा होता. हा दुसरा भाग पाठीमागून दिसतो, म्हणजे आपल्याला समोरचेच दिसते आणि मागे उभा असलेला मित्र दिसत नाही. शिवाय आपल्या माणसाला आपली गोळी लागणे इथे बंद करता येत नाही. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढच्या सगळ्या सूचनांचे कारण आपोआप कळेल.

## टप्पा १: खेळ उघडण्याआधी

जागा आणि अपडेट आदल्या दिवशीच बघून ठेवा. पीसीवर हा खेळ बराच काळ १५० जीबीच्या आसपास जागा अडवायचा. डिसेंबर २०२५ मध्ये सुमारे २३ जीबीची हलकी आवृत्ती आली. जुनी प्रत पडून असेल तर ती आवृत्ती घ्या. चौघांपैकी एकाचेही अपडेट राहिले असेल तर लॉबीत, म्हणजे खेळाआधी जमायच्या जागेत, घुसता येत नाही, आणि रात्री दहाला हे लक्षात आले तर त्या दिवशी खेळ होत नाही.

प्लेस्टेशन ५, पीसी आणि ऑगस्ट २०२५ पासून एक्सबॉक्स सिरीज असे तिन्हीकडचे लोक एकत्र खेळू शकतात. त्यासाठी सेटिंगमधला क्रॉस-प्ले चालू हवा. वेगवेगळ्या यंत्रांवरचे मित्र एकमेकांना स्टीम (पीसी) किंवा पीएसएनच्या (प्लेस्टेशन) यादीत दिसणार नाहीत. खेळातल्या सोशल पानावर प्रत्येकाचा फ्रेंड कोड असतो, तो आधीच व्हॉट्सअॅपवर टाकून एकमेकांना जोडून घ्या.

आता बटणे. पीसीवर बॉम्ब, गोळ्या अशी बाहेरची मदत मागवण्याची यादी डाव्या कंट्रोलने उघडते आणि त्या मदतीचा बाणांचा कोड देण्यासाठी डब्ल्यू-ए-एस-डी हीच चालण्याची बटणे वापरली जातात. म्हणजे कोड देताना तुम्ही जागच्या जागी उभे राहता आणि मागून किडा येऊन चावतो. सेटिंगमध्ये जाऊन हे बाण कीबोर्डच्या बाणांच्या बटणांवर न्या, मग पळता पळता कोड देता येतो. उजवा हात क्षणभर माऊसवरून सुटतो, पण हा सौदा परवडतो. कंट्रोलरवर एल-वन धरून डावीकडच्या चार बाणांनी कोड द्यायचा. तिथे डावा अंगठा काठीवरून उठतोच, म्हणून कंट्रोलरवाल्यांनी आधी आडोसा गाठावा आणि मग कोड द्यावा.

तपासून घ्या: चौघांचा आवाज चौघांना येतो का? एकाचाही माइक बंद असेल तर त्याला पिंगचे बटण दाखवा. शत्रूवर किंवा वस्तूवर नेम धरून ते दाबले की बाकीच्यांना खूण दिसते. न बोलता पिंग करणारा खेळाडू मला बडबड्या खेळाडूपेक्षा जास्त आवडतो.

## टप्पा २: होस्ट ठरवा

ज्याच्या जहाजावर बाकीचे तिघे येतात तो होस्ट. ग्रह, पातळी आणि मिशन तो निवडतो. खेळाडूंची यंत्रे एकमेकांशी थेट जोडलेली असतात, म्हणून सगळ्यात जुना किंवा सगळ्यात हुशार खेळाडू होस्ट असण्यापेक्षा ज्याचे इंटरनेट सगळ्यात स्थिर आहे तो होस्ट असावा. केबल जोडलेले यंत्र असेल तर उत्तम. मोबाइल हॉटस्पॉटवर असलेल्याला होस्ट करू नका. एक गडी पुण्यात, एक दुबईत आणि एक न्यू जर्सीत असेल, तर पहिल्या मिशनला एक होस्ट आणि अडखळले तर पुढच्या ऑपरेशनला, म्हणजे मिशनांच्या पुढच्या साखळीला, दुसरा, असे करून बघा. ऑपरेशनच्या मध्यावर मात्र होस्ट बदलू नका.

होस्टने लॉबी फक्त मित्रांसाठी किंवा फक्त निमंत्रितांसाठी ठेवावी. लॉबी सार्वजनिक राहिली तर तुम्ही चौथ्याची वाट बघत असताना अनोळखी माणूस चौथी जागा पटकावतो, आणि मग त्याला बाहेर काढायचे की मित्राला थांबवायचे असा प्रसंग येतो.

## टप्पा ३: चार कोड तोंडपाठ करा

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मदतीला, म्हणजे स्ट्रॅटेजमला, बाणांचा कोड असतो. तो यादीत समोर दिसतो, म्हणून लोक पाठ करत नाहीत. अंगावर आठ किडे असताना यादी वाचायला गेलात तर वाचून होण्याआधी मराल.

पाठ करायचे ते हे:

- रिइन्फोर्स, म्हणजे मेलेल्या मित्राला परत आणणे: वर, खाली, उजवे, डावे, वर.
- रिसप्लाय, म्हणजे गोळ्यांची रसद: खाली, खाली, वर, उजवे.
- ईगल रीआर्म, म्हणजे विमानाला परत भरायला पाठवणे: वर, वर, डावे, वर, उजवे.
- हेलबॉम्ब, म्हणजे जागेवर ठेवून उडवायचा मोठा बॉम्ब: खाली, वर, डावे, खाली, वर, उजवे, खाली, वर.

हे मनातल्या मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा. "वर-खाली-उजवे-डावे-वर" ही पाढ्याच्या चालीत बसते आणि दोन दिवसांत बोटांत उतरते. बाकीच्यांसाठी एक खूण पुरते. तोफांचा भडिमार, म्हणजे ऑर्बिटल, उजव्या बाणाने सुरू होतो. ईगल विमानाचे सगळे कोड वर पासून सुरू होतात. हातात घ्यायची जड शस्त्रे आणि पाठीवरच्या पेट्या खाली पासून सुरू होतात. पहिला बाण बरोबर लागला की अर्धे काम झाले.

सावधान: कोड पूर्ण झाला की हातात एक गोळा येतो. तो हातात असताना तुम्ही मेलात, तर गोळा तिथेच पडतो आणि मागवलेली गोष्ट तिथेच कोसळते. मित्रांच्या घोळक्यात उभे राहून बॉम्बचा गोळा हातात धरून ठेवणे ही नवख्यांची सगळ्यात महागडी सवय आहे. आधी वळा, जागा बघा, मग कोड द्या आणि लगेच फेका.

## टप्पा ४: शत्रू आणि पातळी

जहाजावरच्या नकाशात तीन शत्रू दिसतील: टर्मिनिड म्हणजे किडे, ऑटोमॅटन म्हणजे बंदूकधारी यंत्रे, आणि इल्युमिनेट म्हणजे परग्रहवासी. पहिले ऑपरेशन किड्यांविरुद्ध घ्या. त्यांतले बहुतेक जवळ येऊन मारतात, त्यामुळे चुका कुठे होतात ते लगेच कळते. ऑटोमॅटन लांबून गोळ्या झाडतात. त्यांच्यासमोर आडोसा घ्यायची सवय लागते आणि ती सवय नसेल तर पहिली संध्याकाळ वाया जाते.

एकूण दहा पातळ्या आहेत. पूर्ण नवी चौकडी असेल तर दुसरी किंवा तिसरी घ्या. एखादा जाणकार असेल तर चौथी. एका पातळीचे ऑपरेशन पूर्ण केल्यावरच पुढची पातळी उघडते. जाणकाराने नवख्यांना थेट सातवर नेण्याचा मोह टाळावा. तिथे नवखा वीस मिनिटे फक्त मरतो आणि परत येतो, शिकत काहीच नाही.

ऑपरेशन म्हणजे एक ते तीन मिशनांची साखळी. तिच्यातले सगळे मिशन पूर्ण झाले तरच ग्रह जिंकण्याच्या सामूहिक लढाईत तुमचा वाटा पडतो. एक मिशन खेळून "उद्या बघू" म्हणून उठलात तर तो वाटा पदरात पडत नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी घड्याळ बघा. मोठ्या मिशनला ४० मिनिटांची मुदत असते, आणि अशी तीन असतील तर आदल्या रात्रीची झोप नीट झालेली बरी.

## टप्पा ५: चौघांचे सामान एकत्र मांडा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण नव्या चौकड्या इथे सर्वांत कमी वेळ देतात. प्रत्येकाला चार स्ट्रॅटेजम मिळतात. म्हणजे चौघांकडे मिळून सोळा. पण प्रत्येक जण स्वतःला एकटा समजून चार निवडतो आणि शेवटी सोळापैकी दहा बॉम्ब, तीन मशीनगन आणि चिलखत फोडणारे एकही हत्यार नाही, अशी स्थिती होते. मग पहिला चार्जर (जाड कवचाचा मोठा किडा) धावून आला की चौघेही त्याच्या कपाळावर साध्या बंदुकीने ठिणग्या पाडत पळत सुटतात.

तयार असल्याचे बटण दाबण्याआधी या प्रश्नांची उत्तरे नावानिशी द्या.

जड चिलखत कोण फोडणार? किमान दोघे. नवख्यासाठी ईएटी-१७ उत्तम. आकाशातून पडणाऱ्या एका पॉडमधून (पेटीतून) रॉकेटच्या दोन नळ्या येतात, प्रत्येक नळी एकदाच चालते, आणि साधारण सत्तर सेकंदांनी पुन्हा मागवता येते. मेलात तरी काही अडत नाही, परत मागवायचे. कोड: खाली, खाली, डावे, वर, उजवे. चार्जरच्या डोक्यात एक रॉकेट नीट बसले की तो आडवा होतो. जाणकाराने रिकॉइललेस रायफल घ्यावी.

झुंडी कोण आवरणार? एक मशीनगनवाला पुरेसा. त्याने उभ्याने न झाडता खाली बसून किंवा झोपून झाडावे. हादरा कमी होतो, आणि मागच्या मित्राच्या गोळ्या त्याच्या डोक्यावरून जातात.

बिळे कोण बुजवणार? साध्या हातबॉम्बनेही बीळ बुजते, पण ग्रेनेड लाँचर किंवा ऑटोकॅनन असला की लांबूनच काम होते.

मोठा बॉम्ब कोणाकडे? ईगलचा ५०० किलोचा बॉम्ब किंवा ऑर्बिटल लेझर एखाद्याकडे असावा. चौघांकडे नको.

यानंतर बूस्टर. प्रत्येकाला एक मिळतो, त्याचा फायदा चौघांना होतो, आणि तोच बूस्टर दोघांना घेता येत नाही. हेलपॉड स्पेस ऑप्टिमायझेशन असेल तर तो घ्याच, कारण त्याशिवाय तुम्ही पूर्ण गोळ्यांनिशी उतरत नाही. बाकी ताकद आणि दम वाढवणारे बूस्टर वाटून घ्या.

रिकॉइललेस किंवा ऑटोकॅननबद्दल एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. दुसरा माणूस शेजारी उभा राहून गोळे भरू शकतो आणि मारा कितीतरी वेगाने होतो. त्यासाठी गोळ्यांची पेटी त्या मदतनिसाच्या पाठीवर असावी लागते. म्हणजे बंदूक एकाची, पेटी दुसऱ्याची. पण दोघे वेगळे झाले की बंदूकवाला रिकामा, म्हणून ही युक्ती शेवटच्या बचावासाठी किंवा एखाद्या उंच जागेवरून मारा करण्यासाठी ठेवा.

सावधान: मॉर्टर सेंट्री (सेंट्री म्हणजे आपोआप मारा करणारी तोफ) आणि सुरुंग पहिल्या ऑपरेशनला घेऊ नका. मॉर्टर शत्रूवरच गोळा टाकते, पण तो शत्रू तुमच्या अंगाला झोंबलेला असेल तर गोळा तुमच्याच टाळूवर येतो. साध्या सेंट्रीच्या बाबतीतही तिच्या आणि शत्रूच्या मध्ये उभे राहू नका. ती तुमच्याकडे बघून थांबत नाही. तिने तोंड वळवले की जमिनीवर पडा.

## टप्पा ६: उतरणे आणि पहिली दोन मिनिटे

उतरण्याची जागा नकाशाच्या कडेला, पण मुख्य कामापासून फार लांब नाही अशी निवडा. लाल खुणा असलेल्या तळाच्या डोक्यावर उतरण्यात थरार आहे, पण पहिल्या दिवशी नको.

पॉडमधून बाहेर पडल्यावर लगेच पळत सुटू नका. सगळ्यांनी आपापली जड शस्त्रे इथेच मागवावीत, वाटेत नाही. चारही पॉड येईपर्यंत एकाने नकाशा उघडून वाट ठरवावी आणि बाकीच्यांनी चार दिशांना तोंड करून उभे राहावे. ईएटीवाल्याने एक नळी स्वतः घ्यावी आणि दुसरी शेजाऱ्याला द्यावी. या तयारीला फार तर दोन मिनिटे लागतात, आणि पुढच्या तीस मिनिटांतला निम्मा गोंधळ वाचतो.

तपासून घ्या: चौघांकडे जड शस्त्र आले का? परतीच्या यानाची जागा नकाशात कुठे आहे हे चौघांनी पाहिले का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा तिघे गप्प राहतात.

## टप्पा ७: कामाचा क्रम

शत्रू मारण्याचे वेगळे गुण मिळत नाहीत. ही ओळ नवख्याला दोनदा वाचायला लावा. गुण मिळतात ते कामे पुरी केल्याचे, तळ उद्ध्वस्त केल्याचे आणि सुखरूप परतल्याचे. त्यामुळे लांबून जाणारी गस्त दिसली की झाडाझुडपात बसा, तिला जाऊ द्या. तिच्यावर गोळी झाडलीत की ती कुमक मागवते, कुमक मारेपर्यंत दुसरी गस्त येते, आणि दहा मिनिटे एकाच जागी लढून शेवटी गोळ्या शून्य, काम शून्य.

लढाई टळली नाहीच, तर कुमक मागवणाऱ्याला आधी मारा. किड्यांमध्ये एखादा छोटा किडा थांबून अंगातून धूर सोडू लागतो, तोच तो. ऑटोमॅटनमध्ये एक जण हात वर करून आकाशात फ्लेअर मारतो. इल्युमिनेटमध्ये तरंगत टेहळणी करणारा वॉचर हे काम करतो. चौघांपैकी जो पहिला पाहील त्याने ओरडावे, "धूर, उजवीकडे!" एवढेच. "अरे तो बघ तो, तिकडे, त्या दगडाच्या…" इतके बोलेपर्यंत जमीन फाटून किड्यांची कुमक वर आलेली असते. आणि ती फाटलीच, तर तिथे उभे राहून लढण्याचा हट्ट सोडा. एक ईगल टाका आणि पुढच्या कामाकडे निघा.

कामांचा क्रम असा ठेवा. आधी वाटेत येणारी दुय्यम कामे आणि तळ, मग मुख्य काम, मग परतीचे यान. वेळ अपुरा वाटला तर मुख्य काम आधी करा, कारण ते झाले की मिशन यशस्वी ठरते, मग तुम्ही परतलात न परतलात तरी. पण परतला नाहीत तर वाटेत गोळा केलेले सॅम्पल, म्हणजे जहाज सुधारायला लागणारे नमुने, गेले. ते फक्त यानात चढलेल्यांबरोबर जमा होतात. सॅम्पल कोणीही उचलले तरी चौघांना सारखेच मिळतात, म्हणून "मी आधी पाहिले" हा वाद निरर्थक आहे.

तळाची गोष्ट शत्रूगणिक बदलते. किड्यांची बिळे: आत हातबॉम्ब, किंवा जड गोळा बरोबर तोंडात. ऑटोमॅटनचा कारखाना: वरच्या झरोक्यात हातबॉम्ब, किंवा झरोक्यावर रॉकेट. इल्युमिनेटचे उतरलेले यान: आधी गोळ्यांनी त्याचे निळसर कवच फोडायचे, मग उघड्या दारातून आत हातबॉम्ब. कवच असताना टाकलेला बॉम्ब नुसता वाया जातो, आणि हे मी जाणकारांनाही करताना पाहिले आहे.

वाटेत एखादे बंद दार दिसेल, दोन बटणांचे. ते दोघांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय उघडत नाही. आत मेडल, सुपर क्रेडिट असे काहीबाही असते आणि तेही चौघांना मिळते. चौघांनी तिथे जायची गरज नाही. दोघे जा, दोघे बाहेर पहारा करा. एकूणच दोन-दोनच्या जोड्या पाडणे चांगले. एकटा फिरणारा हिरो या पातळीवर मरतो आणि बाकी तिघांना मागे बोलावतो.

गोळ्या भरण्याची सवय मोडावी लागेल. दुसऱ्या खेळांत दोन गोळ्या झाडल्या की बोट आपसूक रिलोडकडे जाते. इथे मॅगझीन बदलले की त्यात उरलेल्या गोळ्या फेकल्या जातात. तीस गोळ्या शिल्लक असताना बदललेत तर तीस गोळ्या जमिनीवर. निम्म्याहून कमी उरल्याशिवाय बदलू नका.

## टप्पा ८: लाल झोत

बॉम्बचा गोळा पडला की तिथून आकाशात लाल झोत उभा राहतो. तो दिसला की आधी लांब पळा, चौकशी नंतर. पण पळण्याची दिशाही कळायला हवी, आणि इथे फेकणाऱ्याची जबाबदारी आहे.

ईगल स्ट्रेफिंग रन तुमच्यापासून समोर, सरळ रेषेत जाते. समोर पळत गेलेला मित्र तिच्या तोंडी सापडतो. ईगल एअरस्ट्राइकची बॉम्बची माळ मात्र फेकणाऱ्याच्या नजरेला आडवी, डावीकडून उजवीकडे अशी पडते. म्हणजे गोळ्याच्या मागे उभा असलेला सुरक्षित आणि बाजूला दहा पावले उभा असलेला गारद. ही एक गोष्ट माहीत नसल्याने आमच्या चौकडीतला एक गडी एकाच रात्री तीनदा गेला, आणि तिन्ही वेळा टाकणारा मीच होतो.

फेकण्याआधी तीन शब्द बोला: काय, कुठे, कोणत्या दिशेला. "एअरस्ट्राइक, पुलावर, मागे या." बस्स.

हेलबॉम्बचे वेगळे. तो खाली आल्यावर जवळ जाऊन त्याच्यावरचा बाणांचा कोड द्यावा लागतो आणि मग मोजणी सुरू होते. कोड देणारा एकच असावा, बाकी तिघांनी आधीच निघून जावे. "थांब, मी सॅम्पल उचलतो" म्हणणाऱ्यासाठी कोणीही थांबू नये.

तपासून घ्या: ईगलच्या खेपा संपल्या की विमान आपोआप भरायला जाते, आणि त्यात दोन मिनिटांहून जास्त जातात. तुमच्याकडे एकच खेप उरली आहे आणि आसपास शांतता आहे? मग आत्ताच रीआर्मचा कोड द्या. पुढच्या तळाशी पोहोचेपर्यंत विमान भरलेले असेल. लढाई पेटल्यावर विमान गैरहजर असणे ही दैवाची खोड नाही, तुमची विसरभोळी सवय आहे.

## टप्पा ९: मेलेल्याला परत आणणे आणि रसद

प्रत्येक खेळाडूमागे पाच याप्रमाणे चौघांचे मिळून वीस रिइन्फोर्स असतात. ते सामाईक आहेत. कोणीही कोणालाही बोलावू शकतो. म्हणूनच अनेकदा कोणीच बोलावत नाही, प्रत्येकाला वाटते दुसरा बोलावेल. नियम ठेवा: मेलेल्याच्या सर्वांत जवळ असलेला बोलावेल. तो लढाईत अडकला असेल तर त्याने "तुम्ही बोलवा" असे तोंडाने सांगावे.

गोळा कुठे फेकायचा? ज्याची जड बंदूक आणि सॅम्पल तिथे पडले आहेत त्याच्या बाजूला, पण शत्रूच्या घोळक्यापासून जरा अलीकडे. मेलेल्याचे सामान जागेवरच राहते. परत येणाऱ्याने सर्वांत आधी ते उचलावे. उतरताना पॉड थोडा डावी-उजवीकडे नेता येतो आणि तो ज्याच्या डोक्यावर पडेल तो चिरडतो. मोठ्या शत्रूवर पडणे हा चांगला डाव आहे. मित्रावर पडलात तर तो मित्रही चिरडतो.

रसदीच्या पॉडमध्ये चार पेट्या असतात, माणशी एक. ज्याने मागवले त्याने दोन उचलणे हा या खेळातला सर्वांत क्षुद्र गुन्हा आहे. मागवण्याआधी "रसद मागवतो, इथे या" असे सांगा आणि चौघे जवळ असतानाच फेका. एकट्याने नकाशाच्या दुसऱ्या टोकाला मागवलेल्या रसदीतल्या तीन पेट्या तिथेच सडतात.

## टप्पा १०: परतीचे यान

इथे हरलेली मिशने मोजली तर जीव तुटतो. सगळे काम झालेले, खिशात सॅम्पल, आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळे जमिनीवर.

१. यानाच्या जागेवर पोहोचल्यावर कोड देण्याआधी थांबा. रसद मागवा, जड शस्त्रे पुन्हा मागवा, सेंट्री असेल तर लावा. ईगल रीआर्म करा.

२. ज्याच्याकडे सॅम्पल जास्त आहेत त्याने ते यान उतरणाऱ्या जागेच्या कडेला खाली टाकून ठेवावेत. मग तो लढताना मेला तरी सॅम्पल भलतीकडे पडत नाहीत. यान आले की उचलून चढायचे.

३. आता टर्मिनलवर कोड द्या. यान यायला दोन मिनिटे लागतात. या दोन मिनिटांत चौघांनी टर्मिनलला चिकटून उभे राहू नये. दोन जोड्या करा, दोन बाजू वाटून घ्या, थोडे लांब उभे राहा म्हणजे बॉम्ब टाकायला जागा राहते.

४. यान उतरताना त्याच्या खाली उभे राहू नका. हे सांगावे लागते याचे मला वाईट वाटते, पण लागते.

५. पहिला माणूस आत चढला की बाकीच्यांसाठी छोटी मोजणी सुरू होते. म्हणून पहिला चढणारा सर्वांत घाबरलेला असून चालणार नाही. ज्याच्याकडे सॅम्पल आहेत तो आणि बाकीचे सगळे दाराजवळ आहेत, हे पाहून त्याने चढावे.

सावधान: मुदत संपली की तुमचे जहाज निघून जाते. त्यानंतर बॉम्ब नाही, रसद नाही, मेलेल्याला परत आणणे नाही. यान मात्र आपोआप येते. घड्याळात दहा मिनिटे उरली की कुठलेही दुय्यम काम चालू असले तरी यानाकडे निघा.

## टप्पा ११: जहाजावर परतल्यावर

लगेच पुढच्या मिशनमध्ये उडी मारू नका. रिक्विझिशन स्लिप, म्हणजे हत्यारे घ्यायचे खेळातले चलन, ५०,००० च्या वर साठत नाहीत आणि मेडल २५० च्या वर. भरलेल्या पेटीवर मिळालेले सगळे वाया जाते. साधे सॅम्पल ५००, रेअर २५० आणि सुपर १०० पर्यंतच साठतात. सुपर सॅम्पल सहाव्या पातळीपासून पुढे मिळतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्यांची चिंता नाही. स्लिप मिळाल्या की आधी चिलखत फोडणारे एक हत्यार घ्या, मग एक ईगल, मग हौसेच्या गोष्टी.

मग टप्पा ५ वर परत या. मागच्या मिशनला कोणाची गोष्ट वापरलीच गेली नाही? चार्जर आला तेव्हा रॉकेट कोणाकडे होते? जो सर्वांत जास्त वेळा मेला त्याला हसण्याआधी, तो कशाने मेला हे विचारा. त्याच्या वर पडलेला बॉम्ब कोणाचा होता हे निकालाच्या पानावर दिसत नाही, पण टाकणाऱ्याला चांगलेच माहीत असते.